मंगळवारी आणि शुक्रवारी चालणारं कार्ड

आईचा घोटा मोडला तो आमच्याच जिन्यात, शेवटच्या पायरीवर. जिना संपला असं तिला वाटलं आणि तो संपलेला नव्हता. प्लॅस्टर सहा आठवड्यांचं. बाबांच्या रजा संपलेल्या, मी एकुलती एक, आणि मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालेलं. दवाखान्यातून घरी आलो त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, की आईला खडकीला आत्याकडे ठेवू.

बाबांची ही बहीण दारूगोळा कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झाली होती, पण घर अजूनही कारखान्याच्या भोंग्यावर चालवायची. भोंग्याला उठायचं, भोंग्याला जेवायचं, आणि दुपारी झोप आली नाही तरी डोळे मिटून पडायचं. आत्या प्रेमळ आहे. तिच्या प्रेमातून सुटका नसते, एवढंच. बाबा बाहेर गेल्यावर आई मला म्हणाली, "तिथं मला सहा आठवडे दुधी खावा लागेल."

आई दुधीवर घसरली म्हणजे प्रश्न दुधीचा नाही, हे मला कळलं. रोज सकाळी संडासापर्यंत न्यायला नवऱ्याच्या बहिणीला हाक मारायची, या कल्पनेनेच ती कसनुशी झाली होती. मी तिचीच मुलगी. मला कुणाकडे पेन मागायचं तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागतं.

म्हणून मी नोकरीत पहिल्यांदाच स्वतःहून काहीतरी मागितलं. मॅनेजर माझ्यापासून चार खुर्च्यांवर बसायचा, तरी मी त्याला ई-मेल लिहिली. ती लिहायला अर्धा दिवस गेला. तो उठून आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरून काम? चालेल की. नवाच्या मीटिंगला हजर राहा म्हणजे झालं." सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा घरून काम करणं ही लोकांना माहीत असलेली गोष्ट नव्हती. खिशातल्या फोनवर फार तर साप खेळता यायचा.

आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत ते फक्त वरच्या मजल्यावरच्या काकांकडे होतं. काका निवृत्त शिक्षक आणि सोसायटीचे सेक्रेटरी. बाबा त्यांना विचारायला गेले तेव्हा मी बाबांच्या मागे उभी होते.

"घरी बसून काम म्हणजे नक्की काय?" काकांनी विचारलं. "पापड लाटायचे?"

"कॉम्प्युटरवर असतं हो तिचं."

"कॉम्प्युटरवर लाटणार तर. लाटू द्या. यंत्र जावयाने बसवलंय, ते बिनतारी पण आहे म्हणतो. वापरा. हात मात्र लावायचा नाही. जावयाची वस्तू."

पासवर्ड त्यांनी कालनिर्णयाच्या पानामागे लिहून ठेवला होता, तो मला वहीत उतरवून घेऊ दिला. खिडकीतून एक वायर खाली सोडता येईल का, असं बाबांनी विचारलं, तर काकांनी त्यांना हाताला धरून जिन्यात नेलं आणि भिंतीवरची पाटी दाखवली. 'दर्शनी भागात वायरी लोंबकळत ठेवू नयेत. ज्यांना लोंबकळायचे असेल त्यांनी स्वतः लोंबकळावे.' खाली सेक्रेटरी म्हणून त्यांचीच सही होती.

"माझ्याच खिडकीतून माझ्याच पाटीचा भंग करू?" ते म्हणाले.

म्हणजे बिनतारीच. आणि बिनतारीची सगळी मदार होती ऑफिसने मला दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर. आमचं काम लिनक्सवर चालायचं, त्यामुळे लॅपटॉपवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. आणि त्या लॅपटॉपच्या पोटात जे वायरलेस कार्ड होतं, त्याची आणि लिनक्सची ओळखच नव्हती. चालणाऱ्या कार्डांची एक यादी होती. ती मी वरून खाली आणि खालून वर वाचली. माझं कार्ड यादीत नव्हतं.

तो रविवार मी आईच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर बसून काढला. आईला वेळ जात नव्हता म्हणून ती प्रश्न विचारत होती, आणि मला तिला मराठीत उत्तरं द्यावी लागत होती. इंग्रजीत मी हे सगळं दोन वाक्यांत, मुख्य म्हणजे स्वतःला न समजताही, सांगू शकले असते.

"कार्ड आहे," मी म्हणाले. "पण त्याला फक्त विंडोजची भाषा येते."

"आणि या बयेला ती येत नाही," आई लॅपटॉपकडे बोट करून म्हणाली.

"हो. मग मधे एक प्रोग्रॅम बसवायचा. तो कार्डाला भासवतो की तू विंडोजशीच बोलतोयस."

"फसवायचं म्हणजे. कळायचं नाही त्याला?"

नाही कळलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला लॅपटॉपच्या कडेला एक बारीक निळा दिवा लागला, मी काकांचा पासवर्ड टाकला, आणि आमच्या घरात, आईच्या औषधांच्या पाकिटांशेजारी, कुठल्याही तारेशिवाय, एक पान उघडलं. मी ओरडले वगैरे नाही. नुसती उठून पाणी प्यायले. पण आईला कळलं. तिने बाबांना हाक मारून सांगितलं, "वन्संना फोन करा. म्हणावं, मी येत नाहीये."

यापुढची गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

त्याच संध्याकाळी आईने लॅपटॉपला अभ्रा शिवला. आमच्या घरात उघडी वस्तू सहन होत नाही. मिक्सरला टोपी, फोनला रुमाल, आणि फ्रिजच्या हँडलला झालर आहे. पलंगावरून हलता येत नाही म्हटल्यावर तिने पडद्याचं उरलेलं कापड मागून घेतलं आणि हाताने, बारीक टाके घालून, लॅपटॉपला पिशवी शिवली. कापड जरा कमी पडलं, म्हणून ती घट्ट झाली. रोज काम संपलं की ती लॅपटॉप मांडीवर घ्यायची, आणि उशीला अभ्रा घालावा तसा त्यात सरकवायची. सहा आठवड्यांत तिला जमण्यासारखं घरातलं तेवढं एकच काम होतं, म्हणून ते तिचंच.

सोमवारी सकाळी पावणेनऊला मी लॅपटॉप बाहेर काढला, सुरू केला. दिवा नाही. कार्ड मेलेलं.

नवाला मीटिंग होती. मी तो प्रोग्रॅम काढला, पुन्हा घातला. काही नाही. शेवटी ऑफिसच्या सिस्टीमवाल्याला फोन केला. म्हणजे आधी काय बोलायचं ते वहीत लिहिलं, मग केला. हा माणूस यवतमाळकडचा. सगळ्या ऑफिसची यंत्रं त्याच्याकडे असायची आणि तो कुठल्याच यंत्राला घाबरायचा नाही. मी त्याला कार्डाचा नंबर, प्रोग्रॅमची आवृत्ती, सगळं इंग्रजीतून एका दमात सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"ते सगळं ठीक आहे मॅडम. वायरलेसचं बटन सुरू आहे ना? पाहून घ्या आधी."

आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या शाळेत मराठी बोलायला बंदी होती आणि इंग्रजी बोलायची मला भीती, त्यामुळे बारा वर्षं मी मान हलवून काढली. 'समजलं का' असं कुणी विचारलं की मान आपोआप हलते. न समजता मान हलवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. लॅपटॉपला वायरलेसचं वेगळं बटण असतं हे मला माहीत नव्हतं. ते कुठे असतं, हे विचारायला चार शब्द लागले असते.

मी म्हणाले, "येस, ऑफ कोर्स."

"मग त्या मधल्या प्रोग्रॅमचंच काही होऊन राहिलं असंन," तो म्हणाला, आणि मी त्याचे आभार मानून फोन ठेवला.

मग लॅपटॉप उचलून वर काकांकडे गेले आणि त्यांच्या यंत्राला वायर जोडून मीटिंगला बसले. निघताना बाबांनी आईच्या उशाशी देवातली घंटा ठेवली होती. काही लागलं तर वाजवायची, मी जिना उतरून येणार. पहिल्या तासात ती तीनदा वाजली. तिसऱ्यांदा मी बोलत असताना वाजली, आणि मीटिंगमधलं कुणीतरी आदराने विचारलं, की मी देवळात आहे का. काका समोर पेपर वाचत होते. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आरतीला उशीर होतोय म्हणावं."

परक्याच्या घरात बसून काम करणं मला किती जड गेलं ते मी लिहीत नाही. एकच सांगते, मी दिवसभर तिथे पाणी प्यायले नाही, कारण ते मागावं लागलं असतं.

सोमवारी संध्याकाळी आईचं भजनी मंडळ आमच्याकडे आलं. सोमवारी आणि गुरुवारी त्या सगळ्या एका कार्यालयात जमायच्या, पण आता आई जाऊ शकत नाही म्हणून मंडळच आईच्या पलंगावर येऊन बसायचं ठरलं होतं. टाळ आले, पेटी आली, आणि बाबांनी घाईघाईने लॅपटॉप अभ्र्यात कोंबून कपाटावर ठेवला.

मंगळवारी सकाळी निळा दिवा लागला. मी आदल्या दिवशी वर बसून एक फाईल बदलली होती, त्यामुळे श्रेय त्या फाईलला दिलं. दिवसभर आईच्या शेजारी बसून काम केलं. दुपारी तिला उठवून नेलं, आणलं, घंटा एकदाही वाजली नाही. संध्याकाळी आईने लॅपटॉप अभ्र्यात घातला. बुधवारी बंद. गुरुवारी बंद. शुक्रवारी चालू. पुढच्या सोमवारी बंद. मंगळवारी चालू.

मी तक्ता केला. वार, वेळ, कोणती आवृत्ती, काय बदललं. त्यात मी खोलीचं तापमान लिहिलं, शेजारच्यांचा गीझर केव्हा चालू होता तेही लिहिलं. मी इंजिनिअर आहे. परीक्षेला जाताना दही-साखर हातावर ठेवणाऱ्या आईला हसलेली मुलगी. आणि आठ-नऊ दिवसांचा तक्ता पुढे घेऊन बसल्यावर त्यातून एकच निष्कर्ष निघत होता. मी तो सिस्टीमवाल्याला इंग्रजीत, शक्य तितक्या भारदस्तपणे कळवला, की सदर कार्ड मंगळवार आणि शुक्रवार या दिवशी चालते असे दिसते.

त्याचं उत्तर रोमन अक्षरांत, मराठीत आलं. "दोन्ही देवीचे वार आहेत मॅडम. ओटी भरून पाहा."

मला राग आला. पण राग यायचं खरं कारण असं, की त्या सकाळी उठल्यावर वार बघून मी स्वतःच मनात हात जोडले होते. आईला मी यातलं काही सांगत नव्हते. ती विचारायची, "आज पुन्हा वर चाललीस?" आणि मी म्हणायचे, "हो, मोठी मीटिंग आहे." तोंडात मिठाची गुळणी धरलेली. तिला वाटलं असतं की तिच्यामुळे माझे हाल होतायत. तीही मला काही सांगत नव्हती. मी वर असताना ती कमी पाणी पीत होती, म्हणजे घंटा वाजवावी लागू नये.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी मी वर होते. घंटा वाजली नाही, आईला चालायला आणलेला वॉकर पडल्याचा आवाज आला. मी जिन्यावरून धावत खाली आले. आई पलंग आणि भिंत यांच्यामध्ये, एका पायावर, पडद्याला धरून उभी होती. पडली नव्हती. पडदा मात्र निम्मा खाली आला होता.

"घंटा का नाही वाजवलीस?"

"तुझी मोठी मीटिंग होती ना," ती म्हणाली.

संध्याकाळी बाबांनी ऐकलं आणि ते रागावलेही नाहीत. त्यांनी नुसता खडकीला फोन लावला. रविवारी सकाळी आत्या रिक्षा घेऊन येईल असं ठरलं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली.

शनिवारी सकाळी सुट्टी होती. आईची बॅग भरायला बाबांनी खाली काढली होती. तिचे तीन गाऊन घड्या करून झाले, आणि मला एकदम वाटलं, की दोन आठवड्यांत मी सगळं करून पाहिलंय, फक्त एक सोडून. मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं, आणि सिस्टीमवाल्याला फोन केला. या वेळी वहीत काही लिहिलं नव्हतं.

"मी तुम्हाला पहिल्या दिवशी खोटं सांगितलं," मी म्हणाले. चक्क मराठीत. "ते बटण कुठे असतं ते मला माहीत नाही."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. तो घरी होता.

"काहून सांगितलं मग?"

"माहीत नाही."

"बरं. लॅपटॉप आणा जवळ. डाव्या कडेला पाहा. अंगठ्याच्या नखाएवढी एक पट्टी असंन. सरकते ती."

होती. काळ्या कडेवर काळी पट्टी. मी ती शोभेची समजले होते. मी ती सरकवली, टक असा आवाज झाला, आणि निळा दिवा लागला. शनिवार होता.

"लागला," मी म्हणाले.

"मी तर पयल्याच दिवशी विचारलं होतं न बाप्पा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं दुःख होतं. मग म्हणाला, "पण बंद कोण करून राहिलं रोज?"

मी म्हणाले, कुणास ठाऊक. आणि लॅपटॉप घेऊन आईच्या खोलीत गेले. तिला दाखवायला, की हे बघ, चालतोय, आता रोज चालेल. ती हसली. "चांगलं झालं," म्हणाली, आणि आपली खडकीला जायच्या आधीची शेवटची सेवा म्हणून लॅपटॉप मांडीवर घेतला, अभ्र्याचं तोंड उघडलं आणि हळूच आत सरकवला. मी पाहत होते. अभ्रा इतका घट्ट होता, की कापड कडेला घासत सरकत होतं.

"आई, थांब. बाहेर काढ जरा."

तिने धरून ओढला. कापडाच्या आतून टक असा आवाज आला. पट्टी मागे, दिवा बंद.

"पुन्हा घाल. उलटा घाल. बाबा घालतात तसा."

उलटा घातला, बाहेर काढला. टक. पट्टी पुढे. सोमवारी आणि गुरुवारी मंडळ यायचं, तेव्हा बाबा तो उलटा कोंबायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी तो चालायचा. बाकी दिवस आई नीट, सुलटा, प्रेमाने घालायची.

मला हे तिला सांगायचं नव्हतं. मी काहीतरी कारण जुळवायला लागले होते. पण आई माझी आई आहे, तिने ती पट्टी पाहिली, अभ्रा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे रोज संध्याकाळी मीच मला खडकीला पाठवत होते?"

"कापड कमी होतं," मी म्हणाले.

"आणि तू रोज वर जायचीस ते?"

"हो."

"मग बोलायचं नाही का? मला सांगितलं असतंस तर पहिल्याच दिवशी म्हणाले असते, काल तर बरा होता, अभ्र्यात घातल्यावर बिघडला. मी काही इंजिनिअर नाही."

तिने ते म्हटलं असतंच याबद्दल मला अजूनही शंका नाही.

मग तिने शिवणाचा डबा मागितला. अभ्रा टाकून देऊ, असं मी म्हणाले, तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लॅपटॉप आत घालून तिने पट्टीच्या जागी कापडावर खडूने खूण केली, कात्रीने चीर दिली, आणि शर्टाला काज करतात तसं लांबट काज केलं, कडेने घट्ट टाके घालून. पट्टी त्या फटीतून मोकळी राहिली. आम्ही दहा वेळा घालून-काढून पाहिलं. सुलटा पाच वेळा, उलटा पाच वेळा. दिवा लागलेलाच.

बाबा दारात उभे राहून हे पाहत होते. त्यांनी बॅग उचलली आणि माळ्यावर ठेवली. आत्याला फोन आईनेच केला. "वन्सं, तुम्ही याच, पण रिक्षा परत नेताना एकट्याच बसा," असं म्हणाली. रविवारी आत्या आली, येताना दुधी घेऊन आली.

सोमवारी नवाच्या मीटिंगला मी आईच्या शेजारी बसून हजर होते. मॅनेजरने विचारलं, की आधी काय बिघाड होता. मी इंग्रजीत सांगितलं, की हार्डवेअरच्या कडेला एक यांत्रिक अडथळा येत होता, तो आता दूर केला आहे. इंग्रजीत हे फार सोयीचं असतं, अडथळा आपला आपण येतो आणि आपला आपण जातो. सगळे 'गुड, गुड' म्हणाले. सिस्टीमवालाही मीटिंगमध्ये होता. तो काही बोलला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे.

पलंगावरून आई म्हणाली, "अभ्रा होता, असं सांग की सरळ."

माइक चालू होता. कुणीतरी विचारलं, "सॉरी, हू इज दॅट?"

मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. मला तोंड उघडावं लागलं.

"माझी आई," मी म्हणाले. "तिनेच दुरुस्त केलं."